‘तो काही करणार नाही ना?’

हा प्रश्न जिन्यात विचारला जातो, तोही आवाज खाली आणून. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हल्ली रात्री गॅलरीत एकटाच बोलतो, लिफ्टमध्ये कुणी असलं की माघारी वळून जिना धरतो, परवा पेपर टाकणाऱ्या पोराला त्याने ‘माझ्यावर पाळत ठेवायला तुला कुणी सांगितलं?’ म्हणून दरडावलं. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो, ‘मुलांना खाली एकटं सोडू नका.’ त्याच्या घरात आई तोच प्रश्न दिवसभर मनात घेऊन वावरत असते. ती तो कुणाला विचारत नाही, एवढंच.

प्रश्नात काही गैर नाही. गैर आहेत ती त्याची दोन तयार उत्तरं. एक म्हणतं, ‘वेड्याचा काय भरवसा!’ दुसरं पोस्टरवरचं. ते म्हणतं की मानसिक आजार असलेली माणसं कधीच कुणाला इजा करत नाहीत. पहिल्याने माणूस एकटा पडतो. दुसऱ्याने, ज्या आईच्या अंगावर काल जेवणाचं ताट भिरकावलं गेलं, तिचं तोंड बंद होतं. खरं तर धोका कधी, कुणाला आणि कशामुळे असतो हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं, आणि त्यावर काय करायचं तेही सांगता येतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी थोडे आकडे. ऑक्सफर्डचे सीना फझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या १९७३ ते २००६ या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत ५.३ टक्के होतं. स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, निराधार संशय असा गंभीर मानसिक आजार) आहे, पण दारू किंवा दुसरी नशा नाही, अशांमध्ये ८.५ टक्के. आजार आणि नशा दोन्ही असलेल्यांमध्ये २७.६ टक्के. घरातली गरिबी, वय वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर नशा नसलेल्या रुग्णांचा आणि इतरांचा फरक आणखी कमी झाला. अमेरिकेत या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेल्या जेफ्री स्वॉन्सन यांचा अंदाज असा की सगळे गंभीर मानसिक आजार उद्या नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा सुमारे ४ टक्क्यांनीच घटेल. आणि शिकागोमध्ये लिंडा टेपलिन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत उलटी बाजू दिसली. गंभीर मानसिक आजार असलेल्या चारांपैकी एकाहून जास्त माणसं त्या एका वर्षात स्वतःच हिंसक गुन्ह्याला बळी पडली होती, इतर लोकांच्या ११ पटींहून अधिक प्रमाणात.

या माणसाच्या हातून जीव जाण्याची भीती घालायचीच असेल, तर ती आधी त्याच्या स्वतःच्या जिवाची घालावी. स्किझोफ्रेनिया असलेल्या शंभरांतले साधारण पाच जण आत्महत्येने जातात.

आपल्या मराठी बातम्यांमधला एक शब्द इथे बाजूला काढून बघायला हवा. ‘माथेफिरू’. एकतर्फी प्रेमातून मुलीवर कोयता चालवणारा माथेफिरू, गाड्यांच्या काचा फोडणारा माथेफिरू, आणि खरोखर आजारी असलेला, महिनाभर न झोपलेला माणूस, तोही माथेफिरू. पहिल्या दोघांना बहुतेक वेळा कुठलाही मानसिक आजार नसतो. असतो तो राग, हक्काची भावना, अनेकदा दारू. पण वाचणाऱ्याच्या मनात तिघांचा एकच चेहरा तयार होतो, आणि तो चेहरा मग तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला चिकटतो. मोटरसायकलवरून येऊन मुलीवर वार करणाऱ्याने आठ दिवस आधी दुकानातून हत्यार घेतलेलं असतं, मुलीच्या कॉलेजच्या वेळा टिपलेल्या असतात. मनाचा तोल ढळलेल्या माणसाला इतकं नीट आखणं सहसा जमत नाही.

आता जिथे धोका खरोखर वाढतो त्या खुणा. निदानाच्या नावाने फार कळत नाही, म्हणून नावापेक्षा या बघाव्यात.

पूर्वी हात उचललाय का, हे सगळ्यांत पहिलं. मागे घडलेली हिंसा पुढच्या हिंसेची सगळ्यांत भरवशाची खूण असते, आजार असो वा नसो. दुसरं, नशा चालू आहे का: दारू, गांजा, काहीही. तिसरी खूण झोप. सात तास झोपणारा माणूस तीन रात्री सलग तीन तासांवर आला तर काहीतरी शिजतंय. चौथी खूण संशयाची. ‘लोक माझ्या वाईटावर आहेत’ हा मोघम संशय त्रासाचा असतो, पण ‘शेजारचे काका माझ्या पाण्यात औषध घालतात आणि आता त्यांना थांबवायलाच हवं’ हा संशय वेगळा. त्यात एका माणसाचं नाव आहे, आणि त्या माणसाचं काहीतरी करायला हवं असा निष्कर्ष आहे. पाचवी, कानात ऐकू येणारे आवाज हुकूम देतात का, आणि तो ते पाळायला लागलाय का. आणि सहावी, चालू असलेल्या गोळ्या बंद झाल्यात का. यातली एखादी असेल तर डॉक्टरांची वेळ आठवड्यात घ्यावी. तीन-चार एकत्र आल्या तर आजच हलावं.

ही माहिती मिळवायची कशी? विचारून. अनेकांना वाटतं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरलं जाईल. तसं होत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारल्याने हायसं वाटतं. शांत वेळी, दोघंच असताना, सरळ शब्दांत विचारावं: ‘दादा, ते आवाज काय म्हणतात? तुला काही करायला सांगतात का? कुणाबद्दल? कधी तसं करावंसं वाटलं का?’ आणि त्याच दमात, ‘जगणं नको असं वाटतं का?’ उत्तर मिळालं की तिथे वाद घालू नये. ऐकून घ्यावं, आणि डॉक्टरांसाठी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. ‘संशय येतो’ एवढं सांगण्यापेक्षा ‘काका पाण्यात औषध घालतात म्हणतो, परवापासून घरचं खात नाही, फक्त बंद पुड्यातली बिस्किटं खातो’ हे सांगितलं तर डॉक्टरांना दोन मिनिटांत कळतं की हे प्रकरण किती पुढे गेलंय.

घरात हे लिहायची सगळ्यांत चांगली जागा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. ज्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितो, त्याच चौकटीत रात्रीची झोप तासांत लिहावी: ६, ६, ५, ३, २. त्याखाली गोळी घेतली तर टिकमार्क. आजार उलटण्याआधीची लक्षणं प्रत्येकाची वेगळी, पण एकाच माणसाची दर वेळी जवळजवळ तीच असतात. कुणी टीव्ही बंद करायला लावतो, कारण बातमी देणारी बाई त्याच्याबद्दल बोलते. कुणी आरशावर टॉवेल टाकतो, कुणी खिडक्या लावून घेतो, कुणी पहाटे चारला अंघोळ करायला लागतो. दुसऱ्यांदा आजार उलटला की मागच्या वेळची कॅलेंडरची पानं काढून बघा. त्या माणसाची स्वतःची क्रमवारी तिथे सापडते, आणि तिसऱ्या वेळी आठ-दहा दिवस आधी सावध होता येतं. बरा असताना त्याच्याशीच बसून ही यादी केली तर आणखी चांगलं, कारण सुरुवात आतून कशी होते हे त्यालाच माहीत असतं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी तपासावी, आणि नेमकी तीच राहून जाते. कालपर्यंत व्यवस्थित असलेला माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बरळायला लागला, वेळ-काळ-जागा ओळखेना, सकाळी बरा आणि रात्री भ्रमिष्ट असं व्हायला लागलं, डोळ्यांना किडे किंवा साप दिसू लागले, तर आधी शरीर बघावं. ताप, मेंदूज्वर, डोक्याला लागलेला मार, म्हातारपणी लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, साखर उतरणं, या सगळ्यांनी माणूस वेड्यासारखा वागतो. घरात मधुमेही असेल तर पहिलं बोट ग्लुकोमीटरवर. साखर ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी. दारू अचानक थांबवणाऱ्याचंही तसंच. शेवटच्या पेगनंतर साधारण दोन ते चार दिवसांनी थरथर, दरदरून घाम, भिंतीवर चालणारे किडे आणि प्रचंड भीती असा प्रकार होतो. गावाकडे त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. जागा एकच, मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग.

त्या तासात

समजा वेळ आलीच. तो खोलीत येरझाऱ्या घालतोय, आवाज चढलाय, शिव्या चालल्यात. घरात पाच माणसं एकाच वेळी बोलत असतात. सगळ्यांत आधी हे थांबवायचं. बोलणारा एकच. ज्याच्यावर त्याचा संशय आहे तो सोडून, ज्याचं तो ऐकतो तो. बाकीच्यांनी टीव्ही बंद करावा, मुलांना शेजारी न्यावं, आणि नजरेआड पण हाकेच्या अंतरावर राहावं. कोपऱ्यात उभं राहून कुजबुजणं सगळ्यांत वाईट. त्याला वाटतं, कट शिजतोय. आणि बाहेरून तसंच दिसतं.

बोलणाऱ्याने दोन हातांपेक्षा जास्त अंतर ठेवावं, अगदी समोर न उभं राहता थोडं तिरकं. हात दिसतील असे, रिकामे. दार अडवू नये: त्याला बाहेर पडायची वाट हवी आणि तुम्हालाही. आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली. वाक्यं लहान. एका वेळी एकच गोष्ट, आणि मग थांबायचं, दहा-पंधरा सेकंद. आजारी मनाला वाक्य पोचायला वेळ लागतो. आपण घाईने दुसरं टाकतो आणि दोन्ही वाया जातात.

संशयाशी वाद घालू नये आणि होकारही भरू नये. ‘कुणी नाहीये रे तिथे, डोकं फिरलंय तुझं’ म्हटलं की तो तुम्हाला शत्रूच्या बाजूला टाकतो. ‘हो, मलाही दिसतात ते’ म्हटलं की संशय पक्का होतो. मधली जागा भावनेची असते. ‘मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरलायस हे दिसतंय. मी इथेच बसते. दार उघडं आहे. पाणी देऊ?’ पाणी द्यायचं ते स्टीलच्या पेल्यात, काचेच्या नाही. गरम चहा नाही. छोटे पर्याय द्यावेत: ‘इथे बसतोस की गॅलरीत?’ निवड हातात आली की बऱ्याच वेळा अंग सैल पडतं. न विचारता खांद्यावर हात ठेवू नये, एरवी प्रेमाचा असला तरी.

विळी, सुऱ्या, कोयता, बाथरूममधलं ॲसिड, रॉकेल, शेतावर घर असेल तर फवारणीचं औषध, हे सगळं त्या दिवशी गोळा करायला धावू नये. कॅलेंडरवर ३ आणि २ चे आकडे दिसायला लागले तेव्हाच गुपचूप बाहेर न्यायचं. हातात हत्यार असेल तर बोलणं बंद, सगळ्यांनी बाहेर, दार ओढून घ्यायचं आणि ११२ लावायचा. हत्यार हिसकावायला जाणाऱ्यालाच बहुधा लागतं. आणि लागतं ते घरच्यांना. आई, बायको, वडील, भाऊ. अनोळखी वाटसरूला इजा होण्याची शक्यता त्या मानाने फार कमी असते, जरी भीती सगळी त्याचीच बाळगली जात असली तरी.

चार जणांनी मिळून धरणं हा शेवटचा उपाय. तशी वेळ आली तर हातापायांना धरावं, पोटावर पालथं पाडून पाठीवर बसू नये. छाती दबली की श्वास अडतो, आणि धडपड थांबली याचा अर्थ ‘शांत झाला’ असा घेतला जातो. पालथं दाबून धरल्याने माणसं मेली आहेत. दोरीने बांधून ठेवणं, साखळी घालणं तर नाहीच. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी ‘मानसोपचार गृहाला’ पहाटे आग लागली, तिथली माणसं साखळ्यांनी जखडलेली होती, २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माणसाला कुठल्याही प्रकारे साखळदंड घालण्यावर पूर्ण बंदी आहे. भूत काढण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा.

नेताना

१०८ ला किंवा ११२ ला फोन करताना घाबरलेला माणूस म्हणतो, ‘लवकर या, माझा भाऊ वेडा झालाय.’ त्यावरून पलीकडच्याला काहीच कळत नाही. असं सांगावं: वय २८, मानसिक आजारावर उपचार चालू होते, दीड महिन्यापासून गोळ्या बंद, तीन रात्री झोप नाही, हातात हत्यार नाही, दारू प्यायलेला नाही, घरात तीन माणसं. सायरन न वाजवता या, हेही सांगावं. फोनवर सल्ला हवा असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू, मोफत, मराठीतही बोलतात. पण हत्यार निघालं असेल तेव्हा तो लावत बसू नये.

बरोबर न्यायचं ते: जुना केसपेपर, गोळ्यांची पाकिटं (रिकामी असली तरी), आधार कार्ड, कॅलेंडरचं पान. आणि खोटं बोलून नेऊ नये. ‘मामाकडे लग्नाला जाऊ’ सांगून गाडी रुग्णालयाच्या दारात थांबवली की त्या एका दिवसाचं काम होतं, आणि पुढची पाच वर्षं तो तुमच्याबरोबर कुठल्याच गाडीत बसत नाही. ‘तीन रात्री झोपला नाहीस, झोपेचं औषध घेऊन येऊ’ हे खरंही असतं आणि बऱ्याचदा पटतंही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं एवढं माहीत असावं. कलम ९४ खाली, जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. जवळच्या माणसाची, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीची संमती, तो उपलब्ध असेल तर. या तातडीत विजेचा शॉक देता येत नाही. कलम ८९ खाली, माणूस स्वतः तयार नसतानाही, प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी दोघांनी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा डॉक्टर, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, आणि स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजी घेता न येणं, यातलं काहीतरी घडत असावं लागतं. इथे लोक अडतात. काही ठिकाणी अजून ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ असं सांगितलं जातं. ती जुन्या १९८७ च्या कायद्याची सवय. नातेवाईक अर्ज करत असतील तर कलम ८९ ला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नाही. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या आणि शांतपणे पुढे ठेवा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, गोव्यात बांबोळीला. पण पहिले काही दिवस जिल्हा रुग्णालयातला किंवा वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग बहुतेकांना पुरतो. ‘येरवड्याला पाठवा’ हे आपल्या बोलण्यातलं वाक्य आहे, उपचाराची पहिली पायरी नाही.

नंतर काय बिघडतं

अपघात विभागात बहुधा हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथॅझिनचं इंजेक्शन एकत्र देतात. या जोडीवरच्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी काही वेल्लोरला झाल्या आहेत. माणूस अर्ध्या-एक तासात शांत होतो, झोपतो. संशय आणि आवाज मात्र इतक्यात जात नाहीत, त्यांना दोन ते सहा आठवडे लागतात. हे न कळल्याने चौथ्या दिवशी घरचे म्हणतात, औषधाचा उपयोग नाही.

दुसरा घोटाळा दुष्परिणामांचा. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, अचानक मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, डोळे वर चढतात. बघणाऱ्याचा थरकाप होतो, आणि खेड्यात तर ‘अंगात आलं’ म्हणून औषधच बंद करतात. हा औषधाने स्नायूंना आलेला पेटका आहे. प्रोमेथॅझिनच्या एका इंजेक्शनने थोड्या वेळात सुटतो. परत होऊ नये म्हणून डॉक्टर ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी जोडतात किंवा औषध बदलतात. त्याहून फसवा प्रकार पायांतल्या तगमगीचा. माणसाला एका जागी बसवत नाही, उभ्या उभ्या पाय बदलत राहतो, चिडतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, म्हणून ते डोस वाढवायला सांगतात, आणि तगमग आणखी वाढते. त्याला एवढंच विचारावं, ‘अस्वस्थ डोक्यात वाटतंय की पायांत?’ पायांत म्हणाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

जेवणात चोरून गोळी घालणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ज्या घरात दुसरं काही उरलेलं नसतं त्यांना मी दोष देणार नाही. पण ज्याला ‘माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ असा संशय आहे, त्याला एकदा आमटीत गोळीचा चुरा सापडला की तो संशय उरत नाही, ती वस्तुस्थिती होते. गोळी घेतच नसेल तर दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनं आहेत. ती विचारून, सांगून देता येतात.

आणि लग्न. आजार लपवून स्थळ ठरवतात. सासरी गोळ्यांचं पाकीट सापडू नये म्हणून हळदीच्या आधी गोळ्या बंद. मग चार रात्रींचं जागरण, नवं घर, नवी माणसं. महिन्याभरात आजार उलटतो, तोही पहिल्यापेक्षा जोराने, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं अशा माणसांसमोर. तेव्हा जे घडतं त्यालाच मग ‘बघा, असली माणसं धोकादायक’ म्हणतात. मला या विषयातली सगळ्यांत दुःखाची गोष्ट हीच वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजार असलेल्यांपैकी, आजारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. धोका सगळ्यांत जास्त असतो तो याच उपचाराबाहेरच्या काळात, विशेषतः पहिल्या झटक्याच्या वेळी. लोकांच्या भीतीने घर आजार लपवतं, लपवल्याने उपचार लांबतो, आणि लांबलेल्या उपचाराने ती भीती खरी करून दाखवायची पाळी येते. ठरवताना सांगा. मोडायचं ते स्थळ मोडेल. गोळ्या मात्र एका दिवसासाठीही स्वतःच्या मनाने थांबवू नका.

रस्त्यावर दिसणाऱ्या माणसाबद्दल थोडं. केस जटा झालेले, अंगावर चार शर्ट, स्वतःशी बोलणं. तो स्वतःच्या तंद्रीत असतो, आणि त्याला सगळ्यांत मोठी भीती आपली असते. मुलं दगड मारतात, मोठे व्हिडिओ काढतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ते मनोरुग्ण नव्हते. त्यांना आपलं नाव-गाव सांगता येत होतं, तरी ते वाचले नाहीत. ज्याला नावही सांगता येत नाही त्याचं अशा जमावापुढे काय होईल, याचा विचार व्हावा. असा माणूस दिसला तर पोलीस ठाण्याला कळवा, आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० म्हणा. त्याला संरक्षणात घेऊन लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं काम आहे. कोठडीत ठेवता येत नाही. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था अशाच माणसांवर उपचार करून त्यांना परत त्यांच्या घरी पोचवते. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यातल्या कित्येकांची घरं दुसऱ्या राज्यांत निघतात, आणि दार उघडणारी आई अनेकदा वर्षानुवर्षं वाट बघत असते.

शेजाऱ्यांना एवढंच जमलं तरी पुष्कळ: वॉर्डातून परत आलेल्याला जिन्यात नावाने हाक मारा, ‘काय, जेवण झालं का?’ इतकंच विचारा. ‘आता बरं आहे ना? परत काही नाही ना?’ हे नको. ग्रुपवर त्याच्याबद्दल लिहू नका. काही दिसलंच तर त्याच्या घरच्यांना फोन करा, आणि दिसलं तेवढंच सांगा: ‘काल रात्री दोन वाजता गॅलरीत जोरात बोलत होता.’ त्या आईच्या कॅलेंडरवर ती एक नोंद कामाची असते.

घरी आल्यावर पहिला प्रश्न विळीचा असतो. बाहेर नेऊन ठेवलेल्या सुऱ्या, विळी, कोयता परत कधी आणायचं? कायमचं कुलूप लावलं तर त्याला रोज दिसतं की आपल्यावर विश्वास नाही. दुसऱ्याच दिवशी आणलं तर आईला रात्री झोप लागत नाही. झोप सलग तीन-चार आठवडे सहा तासांच्या वर, गोळ्या चालू, दारू बंद, आवाज हुकूम देत नाहीत किंवा गेलेत, नाव घेऊन कुणावर संशय नाही, एवढं जुळलं की पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर, त्याच्यासमोरच हा विषय काढावा. त्यालाही विचारावं, ‘तुला काय वाटतं?’ अनेकदा तोच म्हणतो, अजून आठ दिवस राहू दे. मग आठ दिवसांनी विळी ओट्याखाली परत येते, आणि संध्याकाळची मेथी तो आईशेजारी बसून निवडतो.